राजीखुशीनं भरलेली ओटी

लेकीनं मला ओपन रिलेशनशिप म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तेव्हा मी गच्चीवर उन्हात बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. बुलढाण्याचा डिसेंबर, अंगात स्वेटर, कानाला रुमाल, आणि समोर आदल्या दिवशी पुण्याहून नवऱ्यासोबत आलेली एकुलती एक लेक. "आई, तुझ्याशी जरा बोलायचंय," असं ती म्हणाली तेव्हा मी मनातल्या मनात डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू केली होती. तर ती म्हणाली, "आमच्या नात्यात आणखी एक व्यक्ती आहे."

"कोण व्यक्ती?"

"त्याची पार्टनर. मला सगळं माहीत आहे. माझी संमती आहे, लपवाछपवी काही नाही. आज संध्याकाळच्या बसनं ती येतेय. उद्या आम्ही तिघं लोणार बघून येणार. आपल्याकडेच राहील ती."

मी जिल्हा न्यायालयात लिपिक आहे. पोटगीची, टाकलेल्या बायकोची, लपवलेल्या दुसऱ्या बायकोची प्रकरणं इतकी वर्षं माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे नवरे काय काय करू शकतात याचं मला नवल राहिलेलं नाही. पण तिथं निदान सगळं रीतसर असतं. नवरा लपवतो, बायकोला कळतं, मग रडारड, मग वकील. इथं पोरगी उजळ माथ्यानं सांगत होती आणि वर मलाच समजावत होती. मला राग आला होता, सणसणून आला होता, पण तो कोणत्या रकान्यात भरायचा तेच कळेना.

"आणि तुझं आहे का कोणी दुसरं?" मी विचारलं.

"मला सध्या गरज वाटत नाही. पण मोकळीक आहे."

"म्हणजे मोकळीक दोघांना आणि माणूस एकट्याला."

"आई, तू ना, मुद्दाम समजून घेत नाहीयेस." मग तिनं मला सगळा पाठ म्हणून दाखवला. प्रेम ही काही भाकरी नाही, एकाला दिली की दुसऱ्याची कमी होईल. मत्सर ही शिकवलेली भावना आहे, तिच्यावर काम करावं लागतं. सीमारेषा ठरवलेल्या आहेत. दर रविवारी तिघं बसून बोलतात. मी शेंगा सोलत ऐकत होते. तिच्या बोलण्यात कुठंच चूक सापडत नव्हती आणि मला त्याचाच संताप येत होता. माझी पोरगी लहानपणी खोटं बोलायची तेव्हा अशीच बोलायची, एकही शब्द न अडखळता.

मी म्हटलं, "तुझी संमती आहे म्हणतेस. कशी दिलीस?"

तर ती भडकली. "तुझ्या लग्नात तुला कशी विचारली होती ग संमती?"

आता हिला काय सांगायचं? माझ्या वडिलांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "पसंत आहे ना बाई?" असं विचारलं होतं खरं, पण तेव्हा त्यांच्या मागं पेढ्यांचा पुडा सुटलेला होता आणि होणारे सासरे एक पेढा तोंडात टाकून दुसरा उचलत होते. मी हो म्हटलं. पुढं माझा संसार बरा झाला, हे माझं नशीब. लेकीला हा पेढ्यांचा किस्सा मीच कधीतरी हसत हसत सांगितला होता, म्हणून मला बोलायला तोंड नव्हतं. मी टोपलं उचललं आणि खाली आले.

कोर्टातल्या तडजोडीच्या कागदावर एक ओळ हमखास असते. "हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देत आहे." ती ओळ टाइप करताना मला दरवेळी वाटतं, खरोखर राजीखुशीनं काही करणाऱ्याला हे असं लिहून द्यायची पाळी कशाला येईल? आपण कोणाला पेढा देताना म्हणतो का, की हा मी दबावाशिवाय देत आहे?

या राजीखुशीची एक मोठी गोष्ट आमच्या घरातही आहे. माझ्या सासऱ्यांना दोन बायका. धामणगाव बढ्याला त्यांची शेती आणि दुकान होतं. थोरलीला बरीच वर्षं मूल झालं नाही, म्हणून त्यांच्या आईनं जानेफळकडची धाकटी करून आणली. कायद्यात बसत नव्हतं, पण कायदा तेव्हा धामणगावपर्यंत पोचला नसावा. धाकटीला माझा नवरा झाला. ती पुढं लवकर गेली आणि थोरलीनंच त्याला वाढवलं. तीच आमची मोठीमाय. आता ती आमच्याजवळ बुलढाण्याला असते, मालिका बघते, आणि सगळ्यांवर खेकसते.

तर गोष्ट अशी की, धाकटी पहिल्यांदा उंबऱ्यात आली तेव्हा मोठीमायनं पुढं होऊन स्वतःच्या हातानं तिची ओटी भरली. माझा नवरा ही गोष्ट लग्नाकार्यात, तेराव्याला, कोणी दोन माणसं जमली की सांगतो. सांगताना त्याचे डोळे भरून येतात. "आमच्या मोठीमायसारखं मन कोणाचं नाही. सवतीची ओटी भरली हो तिनं! दोघी सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या." मोठीमाय जवळच असते तेव्हा. ती टीव्हीचा आवाज वाढवते. ती लाजते, असं आम्ही समजायचो.

संध्याकाळी ती मुलगी आली. तिचा राग करायचा हे मी दुपारपासून पक्कं ठरवून ठेवलं होतं. पण तिनं चपला नीट भिंतीला लावल्या, मोठीमायच्या पाया पडली, आणि ठेचा खाताना डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागून घेतला. मोठीमायच्या हातावरचं गोंदण बघत ती तिच्याजवळ कितीतरी वेळ बसली. आणि जावई? जेवण झालं की स्वतःचं ताट घासून ठेवणारा, सासूला "आई, तुम्ही बसा" म्हणणारा. दोघांपैकी एक जरी मेलं वाईट असतं तरी माझं काम किती सोपं झालं असतं! माझ्या नवऱ्याला "ऑफिसातली मैत्रीण" एवढंच सांगितलं होतं. ते त्याला इतकं पटलं की तो तिला आमच्याकडची सीताफळं कशी वेगळी असतात ते सांगत बसला.

झोपायची वेळ आली तेव्हा मी सूत्रं हातात घेतली. त्या मुलीचं अंथरूण मोठीमायच्या खोलीत. जावयाला म्हटलं, तुमचे सासरे घोरतात, पण हॉलमध्ये थंडी कमी वाजते, तुम्ही तिथं त्यांच्याजवळ. आणि लेकीला घेतलं माझ्याजवळ. यांच्या दर रविवारच्या बैठकीत ठरलेल्या साऱ्या सीमारेषा मी गोधड्या वाटून मोडून टाकल्या. लेक अंधारात म्हणाली, "तू फार बालिश आहेस." मी म्हटलं, "हो, आहे. झोप आता."

दुसऱ्या दिवशी तिघं लोणारला जाऊन आली. माझ्या नवऱ्यानं हौसेनं फोटो मागितले. मोबाईल हातोहात फिरला. सरोवराच्या काठावर जावई आणि ती मुलगी, देवळाच्या खांबाजवळ ती मुलगी, पायऱ्यांवर पुन्हा दोघं, हसताना, उसाचा रस पिताना. मोठीमायनं मोबाईल नाकाशी धरून सगळे फोटो बघितले आणि विचारलं, "आपली पोरगी कुठं हाय यात?"

"मी काढत होते ना फोटो, मोठीमाय," लेक म्हणाली.

"सगळेच?"

"कोणीतरी काढायला पाहिजेच की." असं म्हणून ती हसली आणि पाणी प्यायला आत गेली. पाणी समोरच ठेवलेलं होतं. मी तिच्या मागं जायला हवं होतं, पण मी मोठीमायच्या हातातून मोबाईल घेऊन तेच फोटो पुन्हा बघत बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती तिघं गाडीनं पुण्याला निघणार होती. बॅगा डिकीत गेल्या होत्या. मी पिशवीत तुरीच्या शेंगा, ठेचा, ज्वारीचे पापड भरत होते, तेवढ्यात माझ्या नवऱ्याला आपली रीत आठवली.

"अरे, पोरगी पहिल्यांदा घरी आली, अशीच रिकामी पाठोता का? ओटी भरा तिची."

आमच्याकडे लग्न झालेली असो नसो, पोर पहिल्यांदा घरी आली की ओटीत गहू, नारळ आणि खण घातल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मी म्हटलं, माझे हात कणकेचे आहेत. हात स्वच्छ होते, ते त्याला दिसतही होतं. पण उत्साहात आलेल्या माणसाला काही दिसत नाही. तो लेकीला म्हणाला, "मंग तू भर. तुहीच मैत्रीण आहे." आणि स्वतःच पाट मांडला, ताटात गहू घेतले, हळदकुंकू, नारळ, माझ्या कपाटातला एक खण. ते ताट त्यानं आपल्या हातानं लेकीच्या हातात दिलं.

मला ओरडावंसं वाटलं. थांबवायला काय कारण सांगणार होते मी? सगळ्यांसमोर खरं सांगायचं, की काही न बोलता बघत राहायचं, एवढंच हाती होतं, आणि मी बघत राहिले. लेकीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग तिचं ते पुण्याचं हसू चेहऱ्यावर आणलं. "ये ग, बस," ती म्हणाली. मुलगी ओढणी पसरून पाटावर बसली. लेकीनं तिला कुंकू लावलं. ओंजळ भरून गहू उचलले, त्यातले अर्धे ओटीत न पडता फरशीवर सांडले. जावई दारात उभा राहून कौतुकानं व्हिडिओ काढत होता.

ओटी भरून झाली. मुलीनं ओढणी गोळा केली आणि उठायला लागली.

"बस खाली," मोठीमाय खुर्चीतून कडाडली. "चार दाणे टाक ताटात परत."

ही पद्धत आहे. जिची ओटी भरली तिनं चिमूटभर दाणे भरणारीला परत द्यायचे, म्हणजे देणारीचं घर रिकामं होत नाही. बाहेरच्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार? तिनं गोंधळून चिमूटभर गहू ताटात टाकले.

"उचल ते," मोठीमाय आमच्या लेकीला म्हणाली. "पदरात घे. मले देले नव्हते तिनं."

"कोणी?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"तुह्या मायनं."

तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "मोठीमाय, पोर होती ती तेव्हा. तिले काय माहीत!"

"मले माहीत हाय पोर होती. तरी."

एवढी वर्षं उलटली, सवत मरून गेली, तिचा पोरगा आपल्या हातानं वाढवला, आणि चिमूटभर गव्हाचा सल अजून तसाच. सख्ख्या बहिणींसारख्या म्हणे! मग मोठीमायनं लेकीचं मनगट धरून तिला खाली ओढलं आणि जावयाकडं मानेनं दाखवत हळूच विचारलं, "तू नाही म्हटलं असतं तं?"

"मोठीमाय, तसं नाहीये, मी स्वतः..."

"मले काय दिसत नाही? ताटावर बसलं की कोण कोणाच्या ताटात पाहते ते दिसते. मी काय विचारून राह्यली? तू नाही म्हटलं असतं तं काय झालं असतं?"

आमच्या लेकीनं, जिच्यापाशी सगळ्याची उत्तरं तयार असतात, ताटातले ते चार दाणे उचलले. ते दाणे मुठीत धरून ती उठली आणि तडक गाडीकडं गेली. मी शेंगांची पिशवी घेऊन मागं धावले.

गाडीशी उभं राहून तिनं नवऱ्याला तोच प्रश्न विचारला. "मी नाही म्हटलं असतं तर?"

"हा प्रश्न फेअर नाहीये," तो म्हणाला. "तू हो म्हणाली होतीस. आपण किती बोललो होतो त्यावर."

"बोललो होतो. पण नाही म्हटलं असतं तर तू थांबला असतास की गेला असतास?"

खोटं बोलणारा मुलगा नाही तो, एवढं मी त्याच्या बाजूनं आजही म्हणेन. खोटं बोलला असता तर कदाचित ती गाडीत बसली असती. तो विचार करत राहिला. शेवटी म्हणाला, "माहीत नाही."

ती मुलगी ओढणीत नारळ आणि गहू सावरत मागं येऊन उभी होती. "तू याचा कधी विचारच केला नव्हतास?" तिनं त्याला विचारलं. मग म्हणाली, "मला बसस्टँडवर सोड. मी बसनं जाईन."

लेकीनं डिकी उघडून आपली बॅग बाहेर काढली. जावई म्हणाला, "ठीक आहे. तुला स्पेस हवी असेल तर घे." स्पेस! माझ्या हातात ठेच्याची बरणी होती आणि ती मी फेकून मारली नाही, याचं श्रेय मला कोणी देत नाही. उलट मी ती पिशवी त्याच्या हातात दिली, कारण शेंगा त्याच्यासाठीच भरल्या होत्या आणि त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. गाडी गेली.

बॅग घरात आली ती दाराशीच पडून राहिली. लेकीनं वडिलांना सगळं सांगितलं, या वेळी एकही पुस्तकी शब्द न वापरता. म्हणाली, त्यानं जेव्हा पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो मनानं अर्धा गेलेलाच होता, मी हो म्हटलं म्हणजे उरलेला अर्धा तरी राहील असं वाटलं. काही लोक हे खरंच मनापासून करतात बाबा, मी पाहिलेत, मला वाटलं मलाही जमेल. ती रडत नव्हती. मी मात्र रडत होते आणि रडता रडता चिडतही होते.

माझा नवरा आधी निघून गेलेल्या जावयाच्या नावानं ओरडला. मग माझ्यावर ओरडला, की तुले माहीत होतं तं मले काऊन नाही सांगितलं. मग त्याला लोक आठवले, भाऊबंद आठवले, पुढच्या महिन्यातलं पुतण्याचं लग्न आठवलं, आणि तो एकदम मऊ झाला. लेकीजवळ जाऊन बसला.

"हे पाय बेटा. तूच हो म्हटलं होतं ना? मंग आता काऊन मोडते? थोडं मन मोठं करा लागते. आपल्या घरात हे काही नवीन नाही. मोठीमायनं तं स्वतःच्या हातानं..."

"बस," मी म्हटलं. पण मी म्हणायच्या आत मोठीमायनं टीव्ही बंद केला होता. तिनं टीव्ही बंद केलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"भरली ओटी," ती म्हणाली. "ताट तुह्या आजीनं हातात देलं होतं. दारात तुहा बाप उभा होता, मांगं अर्धं गाव. मी ताट खाली ठेवलं असतं तं कुठं गेली असती, हे तू विचारलं का कधी? सगळ्या गावाले गोष्ट सांगतं. मले विचारलं का?"

साठी ओलांडलेला माझा नवरा लहान पोरासारखा तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या आयुष्यातली सर्वांत लाडकी गोष्ट होती ती. मला त्याची दयाही आली. मग त्यानं विचारलं, "मंग आता विचारतो, मोठीमाय. कुठं गेली असती?"

"कुठंच नाही," ती म्हणाली. "म्हणून तं भरली."

लेकीनं मूठ उघडली, ते दाणे अजून तिच्या हातात होते, घामानं तळव्याला चिकटलेले. माझा नवरा उठला. दाराशी पडलेली तिची बॅग उचलून त्यानं आतल्या खोलीत नेली, आणि कपाटातले आपले कपडे काढून तिच्यासाठी एक खण रिकामा केला.